जोडीदाराचा व्हिसा आणि लांबलेली प्रतीक्षा : विवाहापूर्वीच विचारावयाचे प्रश्न

प्रवरेच्या दोन तीरांवरील कोल्हार बुद्रुक व कोल्हार खुर्द या गावांना, आणि एकूणच अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याला, पतिपत्नींची ताटातूट नवीन नाही. पाऊस दगा देई त्या वर्षी घरातील कर्ता पुरुष मुंबई-पुण्याची वाट धरी. पत्नी, मुले व वृद्ध आईवडील गावी राहत. मनीऑर्डर आली की घर चाले. त्या काळी हालअपेष्टा होत्याच. परंतु पत्नीला शहरात नेण्यासाठी खोलीची सोय करणे एवढीच मुख्य अडचण असे. त्यासाठी कोणा सरकारची परवानगी लागत नसे.

आज चित्र बदलले आहे. शेजारच्या प्रवरानगर येथे १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे लोणी परिसरात अभियांत्रिकी, वैद्यकीय व परिचर्या शिक्षणाच्या संस्था निघाल्या. मिशनच्या शाळांतून शिकलेल्या आपल्या मुलामुलींनाही पुढील शिक्षणाची दारे उघडली. त्यांतील काहीजण आखाती देशांत, ब्रिटनमध्ये, कॅनडात व अमेरिकेत नोकरीस आहेत. हे तरुण सुटीत येतात, विवाह करतात आणि तीन-चार आठवड्यांत कामावर परततात. मागे राहिलेल्या जोडीदाराविषयी नातलगांना सांगितले जाते, ‘कागद झाले की जाईल.’ हे कागद होण्यास कधी सहा महिने लागतात, कधी वर्ष लागते, तर कधी तीन वर्षेही उलटून जातात.

या विषयावर आम्ही लिहीत आहोत ते केवळ सहानुभूती व्यक्त करण्यासाठी नव्हे. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. या विलंबाचा एक भाग परकीय कायद्यात आहे; तो आपण कमी करू शकत नाही, परंतु विवाहापूर्वी माहीत करून घेऊ शकतो. दुसरा भाग आपल्याच कागदपत्रांत आहे आणि तो कमी करणे आपल्या हाती आहे. हे दोन्ही केल्यावरही जी प्रतीक्षा उरते, तो वैवाहिक जीवनाचाच काळ आहे, आणि तो तसाच जगला पाहिजे.

हक्क की सवलत?

ख्रिस्तसभेची या बाबतीतील भूमिका स्पष्ट आहे. कॅनन कायद्याचा ११५१ वा नियम सांगतो की, योग्य कारण नसेल तर एकत्र वैवाहिक जीवन जगणे हे पतिपत्नींचे कर्तव्य आहे आणि त्यांचा हक्कही आहे. स्थलांतरितांच्या आध्यात्मिक काळजीविषयी पोप पायस बारावे यांनी १९५२ साली जी संविधी काढली, तिच्या नावातच ‘निर्वासित कुटुंब’ होते. परमपीठाने १९८३ साली कुटुंबाच्या हक्कांची सनद प्रसिद्ध केली. तिच्या बाराव्या कलमात परदेशी गेलेल्या कामगाराचे कुटुंब शक्य तितक्या लवकर एकत्र यावे हा त्याचा हक्क मानला आहे. २००७ च्या जागतिक स्थलांतरित दिनासाठी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ‘स्थलांतरित कुटुंब’ हाच विषय निवडला होता.

राष्ट्रांचे कायदे मात्र या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २१ जून २०२४ रोजी एका अमेरिकी नागरिक महिलेच्या खटल्यात असा निर्णय दिला की, परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा असा मूलभूत घटनात्मक हक्क नागरिकाला नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये जोडीदाराला बोलावण्यासाठी किमान उत्पन्नाची अट घालणे तत्त्वतः वैध ठरविले. मात्र मुलांच्या हिताचा नियमांत पुरेसा विचार झालेला नाही, असेही त्या न्यायालयाने बजावले. स्थलांतरित कामगार व त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रसंघाचा १९९० चा करार २००३ साली अमलात आला. परंतु स्थलांतरितांना घेणाऱ्या मोठ्या पाश्चात्त्य देशांपैकी एकानेही तो मान्य केलेला नाही.

यजमान देशांची बाजूही समजून घेतली पाहिजे. केवळ व्हिसा मिळविण्यासाठी केलेले खोटे विवाह ही त्यांची कल्पना नव्हे. असे प्रकार घडलेले आहेत. म्हणूनच अमेरिकेने १९८६ साली कायदा करून नवविवाहित जोडीदारास प्रथम दोन वर्षांचे सशर्त वास्तव्य देण्याची पद्धत सुरू केली. शासनाला तपासाचा अधिकार आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु काही थोड्यांच्या कपटाचा भार सर्व खऱ्या दांपत्यांवर वर्षानुवर्षे पडावा, हे न्यायाचे नाही.

विवाहाकडे संशयाने पाहण्याची ही रीत जुनी आहे. १४ मार्च १९१३ रोजी दक्षिण आफ्रिकेत न्यायमूर्ती सर्ल यांनी असा निकाल दिला की, हिंदू, मुसलमान वा पारशी रीतीने भारतात झालेले विवाह तेथील कायद्याने मान्य नाहीत. त्यामुळे तेथे राहणाऱ्या भारतीयांच्या पत्नींचा प्रवेशाचा अधिकारच धोक्यात आला. याविरुद्धच्या सत्याग्रहात कस्तुरबा गांधी स्वतः तुरुंगात गेल्या आणि १९१४ च्या कायद्याने तो अन्याय काही अंशी दूर झाला. त्या निकालात ख्रिस्ती विवाह तेवढे सुरक्षित होते. आज तसा भेद नाही. चर्चमध्ये झालेल्या विवाहालाही इतरांइतकेच पुरावे द्यावे लागतात. आपल्या भाविकांनी हे ध्यानात ठेवावे.

देश तितक्या रांगा

‘परदेशातला मुलगा’ एवढी माहिती स्थळ पाहताना पुरेशी मानली जाते. प्रत्यक्षात तो कोणत्या देशात आहे आणि तेथे त्याचा दर्जा कोणता आहे, यावर जोडीदाराची प्रतीक्षा अवलंबून असते.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ. मुलगा तेथील नागरिक असेल तर त्याच्या पत्नीच्या स्थलांतरित व्हिसाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. केवळ कार्यालयीन कामकाजास जो वेळ लागेल तो लागतो. तो ग्रीन कार्डधारक असेल तर पत्नी ‘एफ-२-ए’ या वर्गात येते आणि त्या वर्गातील व्हिसांची वार्षिक संख्या ठरलेली आहे. अर्ज अधिक झाले की रांग लागते. ही रांग इतकी लांबली होती की, डिसेंबर २००० मध्ये तेथील काँग्रेसला कायदा करून तीन वर्षे वा अधिक काळ थांबलेल्या जोडीदारांसाठी ‘व्ही’ नावाचा तात्पुरता व्हिसा निर्माण करावा लागला. तोही त्या महिन्याच्या २१ तारखेपर्यंत अर्ज केलेल्यांपुरताच. जुलै २०१९ पासून मार्च २०२३ पर्यंत या वर्गात रांगच उरली नव्हती, पण एप्रिल २०२३ पासून ती पुन्हा लागली. आणि रांग नव्हती त्या काळातही एप्रिल २०२० च्या अध्यक्षीय आदेशाने ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांचे व्हिसा थांबले. तो आदेश फेब्रुवारी २०२१ मध्ये मागे घेण्यात आला. पती मधल्या काळात नागरिक झाला तर पत्नीचा अर्ज संख्येची मर्यादा नसलेल्या वर्गात नेता येतो, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते.

याउलट मुलगा ‘एच-१-बी’ या कामाच्या व्हिसावर असेल तर पत्नीस ‘एच-४’ व्हिसावर त्याच्याबरोबर राहता येते; मात्र तेथे नोकरी करण्याची मुभा सर्वांनाच नसते. म्हणजे ग्रीन कार्डधारक हे स्थळ नातलगांना अधिक मोठे वाटते, पण नववधूला कदाचित त्याच्याच घरी पोहोचण्यास अधिक काळ लागेल.

ब्रिटनमध्ये प्रश्न रांगेपेक्षा उत्पन्नाचा आहे. तेथील नागरिक वा स्थायिक रहिवासी आपल्या जोडीदाराला बोलावू इच्छीत असेल तर जुलै २०१२ पासून वार्षिक १८,६०० पौंडांच्या उत्पन्नाची अट होती. ११ एप्रिल २०२४ रोजी ती २९,००० पौंड करण्यात आली. जोडीदाराला प्राथमिक इंग्रजीची परीक्षाही द्यावी लागते. विद्यार्थ्यांच्या बाबतीत १ जानेवारी २०२४ पासून नव्याने सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी, संशोधनपर अभ्यासक्रम वगळता, जोडीदाराला आणण्याची मुभा काढून घेण्यात आली. ११ मार्च २०२४ पासून वृद्धांची व रुग्णांची देखभाल करणाऱ्या ‘केअर वर्कर’ या पदावर नव्याने जाणाऱ्यांनाही जोडीदार व मुले नेता येत नाहीत. आणि जुलै २०२५ मध्ये तर या पदासाठी परदेशातून नवी भरतीच बंद झाली.

हा शेवटचा मुद्दा आपल्या परिसराला विशेष लागू आहे. परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या आपल्या मुलींपैकी ज्या नोंदणीकृत परिचारिका म्हणून ब्रिटनला जातात, त्यांना पतीला बोलावता येते. ‘नर्सिंगचेच काम आहे’ असे सांगून केअर वर्कर म्हणून ज्यांना पाठविले गेले, त्यांना नव्या नियमानुसार तसे करता येत नाही. नेमणूकपत्रावरील पदाचे नाव वाचले असते तर पुढची निराशा टळली असती. येथे आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. अशा घरांत स्पॉन्सर पत्नी असते आणि गावी थांबलेला पती असतो. ‘बायकोच्या जिवावर परदेशी जाणार’ हा टोमणा त्याला पारावर ऐकावा लागतो. कुटुंब एकत्र यावे म्हणून थांबणाऱ्या पुरुषाची अशी थट्टा करणे कोणत्याही भाविकास शोभत नाही.

कॅनडाच्या शासनाने डिसेंबर २०१६ मध्ये जोडीदाराचे बहुतेक अर्ज बारा महिन्यांत निकालात काढण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. तेथे जोडीदारासाठी सहसा किमान उत्पन्नाची अट नसते. मात्र त्याच्या उदरनिर्वाहाची तीन वर्षांची हमी द्यावी लागते. परंतु प्रांताप्रांतांत भेद आहे. क्वेबेक प्रांताने २६ जून २०२४ ते २५ जून २०२६ या दोन वर्षांसाठी कुटुंबीयांना बोलावण्याच्या अर्जांवर १३,००० ची मर्यादा घातली. त्यांतील १०,४०० अर्ज जोडीदार व अवलंबून असलेल्या मुलांच्या वर्गासाठी होते. एकाच देशात, पण मुलगा टोरोंटोत आहे की माँट्रियलमध्ये, यावर हिशेब बदलतो.

आखाती देशांत ठरावीक पगारापेक्षा कमी मिळकत असणाऱ्याला कुटुंब आणताच येत नाही. कुवेतने जानेवारी २०२४ मध्ये कौटुंबिक व्हिसा पुन्हा सुरू केला तेव्हा मासिक ८०० दिनार पगाराची अट घातली. तेथे जाणाऱ्या सर्वसामान्य कामगाराच्या आवाक्यात ती कशी असणार?

शेजारच्या गोव्यातील आपल्या बांधवांचा अनुभवही बोलका आहे. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेले अनेक गोवेकर युरोपीय संघाचे नागरिक या नात्याने ब्रिटनमध्ये, विशेषतः स्विंडनसारख्या शहरांत, स्थायिक झाले. त्यांच्या जोडीदारांना तुलनेने सुलभ प्रवेश होता. ३१ डिसेंबर २०२० रोजी ती मुभा संपली. त्या दिवसापूर्वीचे नाते असलेल्या जोडीदारांसाठी जुना मार्ग ठेवण्यात आला. नंतर जुळलेल्या विवाहांना मात्र उत्पन्नाच्या अटीसह सर्वसाधारण नियम लागू झाले. दोघे भाऊ एकाच कारखान्यात काम करीत असतील, पण एकाचे लग्न २०१९ चे व दुसऱ्याचे २०२२ चे असेल, तर दोघांच्या पत्नींची वाट निराळी झाली.

आपल्याच कागदपत्रांतील विलंब

रांग व उत्पन्न यांच्यापुढे आपला इलाज चालत नाही. परंतु अर्ज परत येतो किंवा ‘आणखी पुरावा पाठवा’ असे पत्र येते, त्यामागे पुष्कळदा आपली कागदपत्रे असतात.

पहिली अडचण नावांची. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आणि आधार कार्डावर तिसऱ्याच वर्णलेखनाने लिहिलेले, असे आपल्याकडे सर्रास आढळते. घरी फ्रान्सिस, शाळेत प्रकाश, हा प्रकार या जिल्ह्यातील ख्रिस्ती घरांना अपरिचित नाही. गायकवाड हे साधे आडनाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते. आपणास ते एकच नाव वाटते. परदेशी अधिकाऱ्याला त्या दोन व्यक्ती वाटतात. त्यात आपल्याकडे मधले नाव वडिलांचे असते आणि विवाहानंतर ते पतीचे होते. पदवीपत्र एका नावाने, पारपत्र दुसऱ्या नावाने, असे झाले की प्रतिज्ञापत्रे सुरू होतात. डिसेंबर २०१६ पासून पारपत्रासाठी विवाहाचा दाखला सक्तीचा राहिलेला नाही. तेव्हा विवाहानंतर नाव बदलण्याची घाई करण्यापूर्वी विचार करावा. आणि बदलायचेच असेल तर अर्ज भरण्यापूर्वी सर्व कागदांवर ते एकसारखे करून घ्यावे.

दुसरी अडचण विवाहाच्या नोंदीची. भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, १८७२ नुसार कॅथलिक धर्मगुरूने लावलेल्या विवाहांच्या नोंदी दर तीन महिन्यांनी निबंधकांकडे पाठवावयाच्या असतात. १४ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. तरीही ‘चर्चचा दाखला आहे, आणखी काय हवे?’ अशी समजूत अजून आढळते. धर्मग्रामाचा दाखला प्रत्येक देशाला पुरेसा वाटेलच असे नाही. तेव्हा शासकीय नोंदीचा उतारा विवाहानंतर लगेच काढावा. नवरदेव विमानात बसल्यावर त्याच्या सहीसाठी थांबण्याची वेळ येऊ देऊ नये.

तिसरी अडचण जन्माच्या पुराव्याची. ज्यांच्या जन्माची ग्रामपंचायतीत नोंद नाही, त्यांना अनुपलब्धतेचा दाखला घेऊन पर्यायी पुरावा जोडावा लागतो. अमेरिकी नियमांत अशा वेळी चर्चच्या शिक्क्याचा स्नानसंस्काराचा दाखला मान्य होऊ शकतो, परंतु तो संस्कार जन्मानंतर दोन महिन्यांच्या आत झालेला असावा लागतो. बालकाचा स्नानसंस्कार उगाच लांबवू नये असे ख्रिस्तसभा सांगते ते श्रद्धेच्या कारणास्तव. या नोंदीचा हा ऐहिक उपयोगही आहे. नोंदवहीत जन्मतारीख, आईवडिलांची पूर्ण नावे व गाव स्वच्छ अक्षरांत लिहिणे, हे धर्मग्रामाच्या कार्यालयाचे काम आहे, आणि त्याची जबाबदारी आम्हा धर्मगुरूंवर आहे.

घाईचे उपाय आणि त्यांचे परिणाम

प्रतीक्षा लांबली की घरात सल्ले सुरू होतात. त्यांतील काही सल्ले हिताचे नसतात.

‘सगळे सोडून इकडे येऊन राहा’ असे परदेशी असलेल्या मुलास कळवळ्याने सांगितले जाते. परंतु कॅनडात तो कायम रहिवासी असेल तर पत्नीचा अर्ज चालू असताना त्याने कॅनडातच राहणे आवश्यक असते. अमेरिकेचा ग्रीन कार्डधारक सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिला तर त्याच्या वास्तव्याविषयी प्रश्न निर्माण होतात आणि नागरिकत्व लांबते. ब्रिटनमध्ये पगाराचा पुरावा साधारणतः एकाच मालकाकडील सहा महिन्यांच्या नोकरीचा द्यावा लागतो. नोकरी सोडली तर मोजणी पुन्हा सुरू होते. म्हणून दीर्घकाळ येऊन राहण्यापेक्षा रजा काढून वर्षातून एक-दोनदा येणे अधिक शहाणपणाचे.

‘तोवर तिला टुरिस्ट व्हिसावर पाठवा’ हा दुसरा सल्ला. ज्या स्त्रीच्या नावे स्थलांतराचा अर्ज दाखल आहे, ती फिरावयास येऊन परत जाईल यावर अमेरिकी अधिकारी सहजी विश्वास ठेवीत नाही. अशा वेळी खरा हेतू लपविण्याचा मोह होतो. तो टाळावा. अमेरिकेच्या कायद्यात खोट्या माहितीबद्दल कायमची प्रवेशबंदी होऊ शकते, ब्रिटनमध्ये दहा वर्षांची, कॅनडात पाच वर्षांची. दोन वर्षांची प्रतीक्षा चुकविताना दहा वर्षांची ताटातूट ओढवून घेण्यासारखे हे आहे.

तिसरा मार्ग एजंटाचा. ‘आतून काम करून देतो’ असे सांगणाऱ्यास रांगेतील क्रमांक पुढे आणता येत नाही, कारण तो कोणाच्याच हाती नसतो. जोडीदाराचा अर्ज दांपत्याला स्वतः करता येतो. कायदेशीर गुंतागुंत असेल तर त्या देशातील परवानाधारक वकिलाचा सल्ला जरूर घ्यावा. परंतु जमीन गहाण ठेवून रोख रक्कम कोणाच्या हाती देऊ नये.

प्रतीक्षेच्या काळातील जीवन

सर्वांत कठीण भाग येथेच आहे. नववधू सासरी राहते, पण ज्याच्यासाठी ती सासरी आली तो तेथे नसतो. सणाला माहेरी गेली तर ‘अजून इथेच?’ हा प्रश्न. मिस्सानंतर चर्चच्या आवारात तोच प्रश्न. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते. परंतु शंभरदा ऐकल्यावर तो टोचतो. ‘तुझे काय चालले आहे, बाई?’ असे तिच्याविषयी विचारावे. व्हिसाविषयी विचारू नये. भाविकांनी एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ होईल.

‘आज-उद्या जायचे आहे’ म्हणून तिने नोकरी सोडावी, शिक्षण थांबवावे, हे योग्य नाही. व्हिसाचा शिक्का पारपत्रावर उमटेपर्यंत नोकरी सोडू नये. इंग्रजीची परीक्षा, परिचर्येतील वा संगणकातील पुढील अभ्यासक्रम, वाहन चालविणे, यांपैकी काहीही तेथे गेल्यावर उपयोगी पडते आणि जाणे लांबले तरी वाया जात नाही. सासूसासऱ्यांनीही सून ही केवळ तात्पुरती पाहुणी किंवा घरकामाची सोय आहे, असे समजू नये. मुलाने पाठविलेल्या पैशातील काही भाग थेट तिच्या खात्यात जावा. त्यात आईवडिलांचा अपमान नाही.

पतिपत्नींनी रोज बोलावे, आणि केवळ अर्जाविषयी बोलू नये. घरातील निर्णय, खर्च, आजारपण, शेताची कामे, यांत दूर असलेल्याला सहभागी करावे. अर्जासोबत नात्याचा पुरावा म्हणून छायाचित्रे, संभाषणाच्या नोंदी, पैसे पाठविल्याच्या पावत्या मागितल्या जातात. जे दांपत्य खरोखर एकमेकांच्या संगतीने जगत असते, त्याला हे पुरावे निराळे तयार करावे लागत नाहीत. पोलीस पडताळणीचा दाखला व वैद्यकीय तपासणी यांना मुदत असते. त्या फार आधी करून ठेवू नयेत, सूचना आल्यावरच कराव्यात.

विलंब व फसवणूक यांतील फरकही ओळखता आला पाहिजे. अर्ज खरोखर दाखल झाला असेल तर त्याला क्रमांक मिळतो. अमेरिकेच्या बाबतीत पावतीवरील क्रमांक घेऊन अर्जाची स्थिती शासनाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तो क्रमांक पत्नीजवळ असणे हा तिचा हक्क आहे. महिनोन्महिने ‘वकिलाकडे आहे’ एवढेच उत्तर मिळत असेल, तर आईवडिलांनी लोकलज्जेस्तव गप्प राहू नये. परदेशस्थ पतीने टाकलेल्या स्त्रियांच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या २८७ व्या अहवालात अनिवासी भारतीयांच्या विवाहांविषयी सर्वंकष कायदा करण्याची शिफारस केली. हा प्रश्न केवळ पंजाब-गुजरातचा आहे, असे समजून आपण निश्चिंत राहू नये.

विवाहाच्या घोषणेपूर्वी

कॅनन कायद्याचा १०६६ वा नियम सांगतो की, विवाह वैध व योग्य रीतीने होण्यास काही आड येत नाही याची खातरजमा विधीपूर्वी झाली पाहिजे. वराच्या परदेशातील धर्मग्रामातून तो विवाहास मोकळा असल्याचा दाखला मागविणे हा त्याचाच भाग होय. पूर्वी विवाह झाला असेल तर तेथील न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूम व्हिसासाठी लागेल. ख्रिस्तसभेत विवाह होण्यासाठी मात्र तेवढे पुरत नाही, धर्मन्यायालयाचा निर्णय लागतो. ‘तिकीट काढले आहे, आठ दिवसांत लग्न लावून द्या’ असा आग्रह धरणाऱ्या पालकांनी ही चौकशी कोणाच्या रक्षणासाठी आहे, याचा विचार करावा.

याच वेळी दोन्ही घरांनी काही साधे प्रश्न समोरासमोर विचारावेत. मुलाचा वा मुलीचा त्या देशातील दर्जा नेमका कोणता? त्या दर्जावर जोडीदाराला बोलावता येते काय आणि आजच्या नियमांनुसार साधारण किती काळ लागतो? उत्पन्नाची अट पूर्ण होते काय? अर्ज विवाहानंतर किती दिवसांत दाखल होईल? तोवर जोडीदार कोठे राहील, काय करील आणि भेटी कधी होतील? आणि दोन वर्षे उलटूनही परवानगी मिळाली नाही तर, परत येण्याची तयारी आहे काय?

असे प्रश्न विचारल्याने स्थळ मोडेल, अशी भीती मुलीच्या पालकांना वाटते. या प्रश्नांनी जे स्थळ मोडते, ते पुढे कोणत्या कसोटीला उतरले असते? बहुतेक वेळा स्थळ मोडत नाही. मुलगा आपली कागदपत्रे दाखवितो, सर्वजण हिशेब करतात, आणि मुलगी किती काळ थांबावे लागेल हे जाणून होकार देते. जाणून दिलेला होकार हाच खरा होकार होय, आणि विवाह संस्काराचा पाया तोच आहे. ‘कागद झाले की जाईल’ या शब्दांवर विसंबून दिलेल्या संमतीपेक्षा तो पुढील प्रतीक्षेत अधिक टिकतो.

विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गांत अशा दांपत्यांसाठी एक तास राखून ठेवावा, अशी आमची सर्व धर्मग्रामांना सूचना आहे. ज्यांनी ही वाट पार केली आहे व जे आज परदेशी आपल्या कुटुंबासह आहेत, त्यांनी सुटीत गावी आल्यावर या वर्गांत येऊन आपला अनुभव सांगावा. एजंटाच्या जाहिरातीपेक्षा त्यांच्या अर्ध्या तासाच्या बोलण्याचा उपयोग अधिक होईल. धर्मग्रामाच्या नोंदवहीत आपले व मुलांचे नाव कसे लिहिले आहे, हे प्रत्येक कुटुंबाने येत्या काही दिवसांत पाहून घ्यावे आणि चूक असेल तर पुराव्यासह कार्यालयात कळवावे. व्हिसाची घाई सुरू होण्यापूर्वी केलेली दुरुस्ती निवांतपणे व नीट होते.